उर्मटपणे वागलेला अनोळखी माणूसच पुढे अडचणीत दिसला, तर मदत करावी का?

प्रश्नकर्त्यांनी लिहिलंय की पार्किंगमध्ये एकाने त्यांना चारचौघांत शिव्या घातल्या आणि तासाभराने त्याच माणसाची गाडी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी दिसली. हे न थांबता पुढे गेले. आता मनाला लागून राहिलंय, चुकलं का?

गाडीचं शेवटी बघते. आधी माझं ऐका, कारण हाच वाद माझ्यात आणि माझ्या थोरल्या भावात नऊ वर्षं चालू आहे, आणि तो हे वाचणार आहे.

दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी, ट्रेनने चाललो होतो. माझ्या सीटवर शेजारच्या गृहस्थांची बॅग. साठीचे असतील. कडक इस्त्रीचा शर्ट आणि सगळ्या जगाने आपले पैसे बुडवल्यासारखा चेहरा. मी म्हटलं, "काका, बॅग जरा सरकवता का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सरकवून काय होणार? तुम्हाला दोन सीट लागतील." समोरचे दोघं फिस्सकन हसले. (माझं वजन तेव्हा होतं ते होतं.) दादा उठला, बाचाबाची झाली, काकांनी आणखी चार शब्द सुनावले, त्यातला एक आमच्या आईवरून होता. बॅग काही हलली नाही. उरलेल्या जागेत मी अंग चोरून बसले.

पाऊण तासाने काका त्या बॅगेची चेन उघडायला लागले. उघडेना. बोटं थरथरत होती, एसी डब्यात शर्ट पाठीला चिकटला होता, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते ते कळत नव्हतं. समोरच्यांपैकी एक म्हणाला, "घेतलेली दिसतेय."

माझी आई अठरा वर्षं इन्सुलिनवर होती. मला नुसता घाम बघून कळलं. साखर उतरली की माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा दिसतो. मेंदू मुख्यतः ग्लुकोजवर चालतो. रक्तातली साखर ७०च्या खाली जायला लागली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड सुरू होते. आणखी उतरली की जीभ जड होते, माणूस भलतंच बोलतो, हात झटकतो, आणि तरीही कोणी काही केलं नाही तर फिट किंवा बेशुद्धी.

हे सगळं मला माहीत होतं आणि मी बसून राहिले.

दादाला वाटतं, त्याने माझा हात धरून "बस खाली, भोगू दे" म्हटलं म्हणून उशीर झाला. नऊ वर्षं मीही त्याला तसंच वाटू दिलं. दादा, तू हात नंतर धरलास. त्याआधीची चार-पाच मिनिटं माझी स्वतःची होती. मी त्या चेनकडे बघत होते आणि मला बरं वाटत होतं. दोन सीट काय, आता उघड चेन.

मग आई आठवली असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं काही झालं नाही. काकांची मान एका बाजूला कलली आणि मी घाबरले, एवढंच. दादाचा हात झटकून भाचीच्या हातातला फळांच्या रसाचा डबा घेतला. ते गिळू शकतायत ना, बघितलं आणि तोंडाला लावला. त्यांनी फटका मारला, अर्धा रस त्यांच्या शर्टावर. आईवर ओरडायचे तशी ओरडले, "गुपचूप प्या!" प्यायले. वहिनीने आणखी साखर विरघळवून दिली. साधारण १५ ग्रॅम साखर द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, फरक पडला नाही तर पुन्हा तेवढीच. ती पंधरा मिनिटं मी त्यांच्या बॅगेवर बसून काढली.

भानावर आल्यावर पहिलं वाक्य: "शर्टावर हे काय सांडलंय?"

त्यांच्याच फोनवरून मुलाला कळवलं. मी मोठ्या आशेने त्याला विचारलं, सकाळचं ते बोलणं साखर उतरत होती म्हणून असेल का? तो बिचारा जरा थांबून म्हणाला, "ताई, साखर नॉर्मल असली तरी बाबा असंच बोलतात."

दादाने ते वाक्य पाठ केलंय. प्रत्येक घरगुती कार्यक्रमात म्हणून दाखवतो. त्याचं म्हणणं, अशा लोकांना मदत केली की त्यांना कळतं, कसंही वागलं तरी जग आपल्याला उचलून धरतं. माझं म्हणणं, उर्मट बोलण्याची शिक्षा जास्तीत जास्त उलट उत्तर. कोमा कसा होईल? आणि धडा शिकवायचा तर समोरचा शुद्धीवर तरी हवा ना.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत केलेला एक प्रयोग १९६९ साली प्रसिद्ध झाला होता. एक माणूस चालत्या गाडीत मुद्दाम कोसळायचा. हातात काठी असली तर ६५पैकी ६२ वेळा कोणी ना कोणी आपणहून धावलं. अंगाला दारूचा वास आणि हातात बाटली असली तर ३८पैकी १९ वेळा. डबा तोच, पडणंही तेच. 'ह्याने स्वतःच्या करणीने ओढवून घेतलंय' असं वाटलं की पाय जड होतात. आमच्या डब्यात ते काम "घेतलेली दिसतेय" या दोन शब्दांनी केलं, आणि माझ्या बाबतीत "दोन सीट"ने. दादा म्हणतो, तो प्रयोग तुझ्या काकांना घेऊन करायला हवा होता, आकडे आणखी खाली आले असते. असेलही.

आता अटी, नाहीतर कोणीतरी खाली येऊन ओरडेल. माणूस हिंसक असेल, तुम्ही एकट्या असाल, रात्र असेल तर जवळ जाऊ नका. लांबून फोन करणं हीसुद्धा मदतच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात रस, पाणी, काहीही घालायचं नाही. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. आणि माझ्यासारखी चार-पाच मिनिटं मजा बघत बसू नका. मला नशिबाने महाग पडली नाहीत.

हां, तुमची गाडी. दिवस होता, रस्ता वाहता होता, त्याच्याकडे फोन असणारच. न थांबलात तर काही बिघडलं नाही, मीही थांबले नसते. सामसूम रस्ता असता किंवा गाडीत लहान मूल दिसलं असतं तर निदान काच खाली करून विचारायला हवं होतं. मनाला लागलंय ते गाडीपायी की जाताना हसलात म्हणून, ते तुम्हालाच ठाऊक.

दादाला गेल्या वर्षी मधुमेह निघाला. खिशात ग्लुकोजची पुडी घेऊन फिरतो. परवा याच विषयावरून माझ्यावर खेकसला, तर वहिनीने आधी त्याच्या बोटाला सुई टोचली. १४२ निघाली.

"नॉर्मल आहे," मी म्हटलं. "आता बोल, ऐकते."