शनिवार-रविवारची धावपळ आणि पुढचे सत्र

प्रश्न : आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातली असून रत्नागिरीत खोली घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकते. शनिवारी प्रात्यक्षिके आटोपली की एसटीने जयगड, तेथून फेरीबोटीने तवसाळ आणि पुढे घर असा माझा प्रवास असतो. आईने घरी पर्यटकांसाठी राहण्या-जेवणाची सोय सुरू केली आहे. त्यामुळे शनिवारच्या रात्रीपासून रविवारी दुपारपर्यंत मासळी साफ करणे, वाटण, भाकऱ्या आणि खोल्यांची आवराआवर यांतच वेळ जातो आणि जर्नल पुष्कळदा परतीच्या बोटीची वाट पाहताना लिहावे लागते. पुढील सत्रात मला गावच्या किनाऱ्यावर येणाऱ्या कासवांवर क्षेत्रप्रकल्प करायचा आहे. शिवाय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरील एखादा अभ्यासक्रम घ्यायचा आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर करायचे आहे आणि रविवारचा एमपीएससीचा वर्गही लावायचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये बाबांना आंब्याच्या कामात मदत लागते. हे सगळे बसेल असे वेळापत्रक कसे आखावे?
– एक विद्यार्थिनी, गुहागर तालुका

उत्तर : तुम्ही वेळापत्रक विचारले आहे, पण तुमच्या पत्रात अडचण वेळापत्रकाची नाही, यादीची आहे. ज्या घरी पर्यटक उतरतात त्या घरी शनिवार-रविवार हे आठवड्यातील सर्वांत कामाचे दिवस असतात, आणि तुम्ही मात्र पुढील सत्राचे बेत रविवार मोकळा आहे असे धरून केले आहेत.

आधी महाविद्यालयाचा हिशेब पाहू. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एका सत्राला साधारणपणे २२ श्रेयांक (क्रेडिट) असतात. एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन, आणि प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. यांतले सहा श्रेयांक प्रात्यक्षिकांचे धरले, तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात वर्ग आणि प्रयोगशाळा मिळून आठवड्याला २८ तास होतात. त्यात जर्नल, वाचन आणि प्रवास आलेला नाही. तेव्हा सोमवार ते शुक्रवारच्या संध्याकाळी अभ्यासासाठीच राखाव्या लागतील, आणि बोटीच्या रांगेत जर्नल लिहिण्याची वेळ येते ती या संध्याकाळी निसटतात म्हणूनच, असे मला वाटते.

कासवांचा प्रकल्प मात्र अवश्य करा, कारण तुमच्या यादीत घराच्या कामाशी भांडण नसलेली गोष्ट हीच आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूत अंडी घालून जातात, आणि त्यांच्या खुणा पहाटेच्या फेरीत दिसतात. रविवारी पहाटे तुमचे पाहुणे झोपलेले असतात. त्या दोन तासांत तुम्ही कासवमित्रांबरोबर, म्हणजे घरट्यांची राखण करणाऱ्या गावकऱ्यांबरोबर, किनारा चालून चहाच्या वेळेला घरी येऊ शकता. उरलेल्या दिवसांच्या नोंदी कासवमित्रांकडे असतात. वन विभागाच्या संमतीने त्या तुम्हाला पाहता येतील. कासवे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने घरटे उकरणे किंवा अंडी हाताळणे हे तुमच्या प्रकल्पात मुळीच येता कामा नये. त्याची गरजही नाही. घरटे भरतीरेषेपासून किती अंतरावर होते, तेथे वाळूचा उतार कसा आहे, किनाऱ्यावरील दिवे तेथून किती दूर आहेत, एवढे टेपने मोजून लिहिले तरी चांगला प्रबंध होतो. कृत्रिम उजेडामुळे पिल्लांची समुद्राकडे जाण्याची दिशा चुकते, हे सर्वज्ञात आहे. तेव्हा पर्यटकांसाठी लावले जाणारे दिवे हा विषय तुमच्या घराइतका जवळून दुसऱ्या कोणाला पाहता येणार आहे? अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, म्हणजे बरीचशी पिल्ले तुमच्या आंब्याच्या दिवसांतच बाहेर पडतील. म्हणून प्रकल्प घरट्यांच्या जागांपुरताच ठेवा आणि मोजमापे फेब्रुवारीअखेर संपवा.

‘स्वयम्’चा अभ्यासक्रम या सत्रात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकणे विनामूल्य असले तरी अंतिम परीक्षेला शुल्क भरून नेमलेल्या केंद्रावर जावे लागते. जानेवारीत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाची ती परीक्षा मार्चमध्ये किंवा त्यानंतर येईल, म्हणजे नेमक्या आंब्याच्या धामधुमीत किंवा तुमच्या सत्र परीक्षेच्या तोंडावर. हेच अभ्यासक्रम जुलैतही सुरू होतात. तेव्हा बागेतील काढणी संपलेली असते, पावसामुळे किनाऱ्यावरचे पर्यटक रोडावलेले असतात, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीमुळे ताज्या मासळीच्या थाळीची गडबडही कमी असते. कोकणातल्या विद्यार्थ्याला वर्षात खरी उसंत मिळते ती याच दिवसांत. पुढे गणपती आले की कुठल्याच घरात कोणाला पुस्तक सापडत नाही! तेव्हा तो अभ्यासक्रम जुलैसाठी राखून ठेवा. मात्र त्याचे श्रेयांक तुमच्या पदवीत धरले जातील याची महाविद्यालयाकडून आधी लेखी खात्री करून घ्या.

सेवा योजनेचे शिबिर सात दिवसांचे असते, आणि वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, ते टाळता येणार नाहीत. शिबिराच्या तारखा नाताळ ते नववर्ष या गर्दीत पडत असतील, तर आईला आजच सांगा.

एमपीएससीच्या वर्गाची घाई नको. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. मुद्दा स्वतःच्या शब्दांत सलग मांडण्याचा सराव तिला लागतो, आणि तो सराव तुमच्या प्रकल्पाच्या अहवालातून फुकट मिळणार आहे. पदवीच्या अंतिम वर्षापर्यंत तुमच्यापाशी पुरेसा अवधी आहे.

उरला प्रश्न घरचा, जो तुम्ही विचारलेला नाही. दर शनिवारी घरी जाणे हे तुम्ही गृहीत धरले आहे. पण पाहुण्यांचे आरक्षण बहुधा आठवडाभर आधी कळते. ज्या आठवड्यात खोल्या रिकाम्या आहेत त्या आठवड्यात रत्नागिरीतच राहावे, आणि ज्या आठवड्यात दोन्ही वेळच्या पंगती आहेत तेव्हा गावातील एखाद्या बाईला मोबदला देऊन भाकऱ्यांना बोलवावे, असे आईशी बोलून ठरवा. तुमचे काम आईला फुकटात पडते म्हणून त्याची किंमत हिशेबात येत नाही, हे अनेक घरगुती व्यवसायांत घडते. तुमच्या आईलाही हे समजावून सांगितल्यास पटेल. मार्चपासून मात्र बाबांसाठी रविवार पूर्ण द्या, कारण तेव्हा तुमची मोजमापे झालेली असतील.

प्रकल्पाचा विषय विभागप्रमुखांकडे आणि परवानगीचा अर्ज वन विभागाकडे सत्र सुरू होण्यापूर्वीच द्या. उत्तर येईपर्यंत काही आठवडे गेले, तर घरट्यांच्या हंगामातलेच दिवस वाया जातील.