आधी निरोप, मग वेलांटी

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

लग्नसराईच्या तोंडावर पत्रिकेच्या मजकुराबद्दल दरवर्षी पत्रं येतात, तशी याही वेळी आली. पण या खेपेला घरातल्या लिहिण्याबद्दलची पत्रं जास्त आहेत. कुणाच्या चुका काढाव्यात, कुणाला काय लिहावं, समोरून उत्तरच येत नसेल तर काय करावं. माझी सगळी नोकरी छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली, त्यामुळे शुद्धलेखनाची मला कळकळ आहे. तरी घरातल्या निरोपाला मी छापखान्याचा नियम लावत नाही. का, ते पहिल्या उत्तरात सांगते.

प्रश्न : ताई, आमच्या घरच्या माणसांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सासरे जिल्हा परिषदेतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले. कुणीही काही लिहिलं की ते खाली दुरुस्ती टाकतात. माझा मुलगा आठवीत, सेमी इंग्रजीला आहे. शाळेच्या कबड्डी संघात त्याचं नाव आलं, तेव्हा त्याने आनंदाने लिहिलं, ‘माझी नीवड झाली.’ खाली आजोबांचं उत्तर, ‘निवड. नि ऱ्हस्व.’ बाकी काही नाही. तेव्हापासून तो ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाही. सासऱ्यांना बोलायची मला सोय नाही. काय करू?
— एक सूनबाई, इचलकरंजी

उत्तर : सूनबाई, तुमचं पत्र वाचून मला त्या मुलाचं वाईट वाटलं आणि तुमच्या सासऱ्यांचंही. ज्या माणसाने आयुष्यभर टिपण्या आणि मसुदे लिहिले, एका चुकीच्या आकड्याने कुणाचं तरी पेन्शन कसं अडकतं हे पाहिलं, त्याला चूक दिसली की हात आवरत नाही. त्यांची तळमळ खरी आहे. फक्त जागा चुकते आहे.

छापखान्यात लेखक आपला मजकूर आमच्या हाती देतो तोच मुळी तपासण्यासाठी. प्रुफावर कितीही खुणा झाल्या तरी त्याला राग येत नाही, कारण ते काम त्यानेच आम्हाला सांगितलेलं असतं आणि ते छापण्याआधी, चार भिंतींच्या आत होतं. तुमच्या मुलाने तपासायला काही दिलं नव्हतं. तो बातमी घेऊन आला होता. बातमीला आधी बातमीचं उत्तर मिळायला हवं : ‘शाब्बास! तुझी निवड झाली, फार आनंद झाला. पहिला सामना कधी आहे?’ यात ‘निवड’ बरोबर लिहून आलंच की. लहान मूल ‘मी आंबा खाल्ली’ म्हणतं तेव्हा आई ‘खाल्लास का? गोड होता?’ असं विचारते आणि मूल तेवढ्यावर शिकतं, तसंच हे आहे.

आता हे सासऱ्यांना सांगायचं कुणी? तुम्ही नाही. तुमच्या यजमानांनी सांगायचं, आणि ग्रुपवर नाही, दोघंच असताना. ‘बाबा, तुम्ही काही लिहिलंत की तो पुन्हा पुन्हा वाचतो. तुम्ही आधी शाब्बास म्हणा. चूक मला सांगा, मी त्याला सावकाश दाखवतो,’ एवढं पुरे. यात त्यांचा मान राखला जातो आणि ते खरंही आहे. नातवावर आपल्या शब्दाचा परिणाम होतो हे ऐकायला कुठल्या आजोबांना आवडणार नाही?

आणि त्यांच्या ज्ञानाला घरात काम द्या. सोसायटीला द्यायचा अर्ज, बँकेचं पत्र, शाळेतली रजेची चिठ्ठी, सगळं पाठवण्याआधी त्यांच्याकडे जाऊ दे. तिथे त्यांनी हवी तेवढी लाल शाई वापरावी. माझा अनुभव असा आहे की तपासणाऱ्या माणसाला हक्काचा कागद मिळाला की तो दुसऱ्याच्या कागदाला हात लावत नाही.

मुलाला मात्र ‘आजोबांचं मनावर घेऊ नकोस’ असं म्हणू नका. त्याला सांगा, पहिल्या सामन्याची सगळी हकीकत आजोबांना समोर बसून सांग. चढाई कशी झाली, कुणाची पकड झाली, बोनस कुणी घेतला. तोंडी सांगण्यात वेलांटी नसते. लिहिणं मागून येईल.

प्रश्न : मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. नियम खूप आहेत, पाठ होत नाहीत.
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : नियम वाटतात तेवढे नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत ४ ची भर पडली. सगळे मिळून १८, आणि त्यांतले ऱ्हस्व-दीर्घाचे मोजकेच. तू सध्या तीन धर.

शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ : पाटी, जादू, कवी, गुरू. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ असे थोडे शब्द वेगळे. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व : फूल, फुलाला, सून, सुनेला, वकील, वकिलांनी. आणि शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर आधीचं ऱ्हस्व : विळी, सुरी, किडा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र मूळचं रूप सोडत नाहीत, म्हणून पूजा, परीक्षा, शरीराला.

पाठ करू नकोस. रोज वर्तमानपत्रातला एकच परिच्छेद हाताने उतरव आणि या तीन नियमांतला कुठला कुठे लागला ते समासात लिही. हाताला सवय लागते. फोनवर लिहिताना समोर येणारा पहिला शब्द उचलण्याची घाई मात्र सोड.

प्रश्न : ताई, मी एस.टी.त वाहक होतो. वय ७१. नातवंडं पुण्यात आणि अमेरिकेत आहेत. त्यांच्यासाठी आठवणी लिहायला बसलो. ‘माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला’ असं पहिलं वाक्य लिहिलं आणि पुढे काही सुचेना. माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही नसेलच का?
— एक निवृत्त वाहक, सांगोला

उत्तर : दादा, नमस्कार. तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमच्याजवळ जे आहे ते फार थोड्या लोकांजवळ उरलं आहे आणि ते तुम्ही लिहिलंच पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

अडचण तुमच्या आयुष्याची नाही, त्या पहिल्या वाक्याची आहे. ते वाक्य इतक्या जणांनी लिहून ठेवलं आहे की त्यात तुम्ही कुठेच दिसत नाही. ते खोडून टाका. जन्मापासून सुरू करायची सक्ती नाही. मुक्कामी गाडीपासून सुरू करा. शेवटच्या गावी रात्री गाडी लागायची, तेव्हा तुम्ही आणि चालक कुठे झोपत होता? गाडीच्या टपावर, देवळात, कुणाच्या ओसरीवर? जेवण कोण द्यायचं? रोख रकमेची पिशवी उशाला असताना झोप लागायची का? पहाटे निघताना गाडी चालू झाली नाही तर धक्का मारायला कोण यायचं?

मग तिकिटांचा ट्रे आणि पंच. तुमच्या नातवाने तो ट्रे पाहिलेला नाही. किती रुपयांची तिकिटं कुठल्या खणात, कुठला रंग कशाचा, चालत्या गाडीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने पंच कसा मारायचा, हे तुमच्या बोटांना अजून आठवत असेल. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची पद्धत, वेबिल भरताना हिशेब जुळला नाही तर पदरचे भरावे लागत ते पैसे, एका घंटीला गाडी थांबणं आणि दोन घंट्यांना सुटणं. तालुक्याला शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे आया तुमच्या हाती देत असतील. तो डबा कधी पोचला नाही असं झालं का? त्या मुलांपैकी कुणी पुढे भेटलं का? पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली, हे नातवंडांना कुठेही वाचायला मिळेल. डब्याची गोष्ट मात्र तुमच्या वहीशिवाय कुठे मिळणार नाही.

लिहिताना ‘त्या काळी माणुसकी होती’ असं लिहू नका. माणुसकी ज्याने दाखवली तो माणूस लिहा : त्याचं गाव, त्याचा धंदा, तो काय म्हणाला, त्याच्याच बोलीत. माणदेशी बोली जशी कानावर आहे तशीच येऊ दे. ती सुधारू नका आणि कुणाला सुधारूही देऊ नका.

सोयीच्या दोन गोष्टी. दोनशे पानी रेघी वही घ्या आणि फक्त उजव्या पानावर लिहा, डावं पान कोरं ठेवा. एकेक आठवण नंतर येते, तिला जागा लागते. हात दुखत असेल तर फोनवर मराठीत बोलून टंकलेखन होतं, नातू पाच मिनिटांत दाखवेल. अमेरिकेतल्या नातवंडांना मराठी वाचायला जड जात असेल तर प्रत्येक भाग लिहून झाला की तो तुमच्याच आवाजात वाचून पाठवा. आजोबांचा आवाज आणि समोर अक्षरं, दोन्ही एकदम मिळाली की मुलं वाचायला लागतात. माझी नात नागपूरला असते, ती अशीच माझी पत्रं वाचायला शिकली.

प्रश्न : सूनबाई सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिते. मला वाचताना फार त्रास होतो, पण तिला सांगितलं तर तिला राग येईल का?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : त्रास होतो हे सांगण्यात गैर काय? ‘डोळ्यांना जड जातं गं, मराठी कीबोर्ड लावशील का?’ असं म्हणा. शिस्त म्हणून नाही, गरज म्हणून सांगा. थोडे दिवस तिचा वेग कमी होईल, तोवर दोन ओळींचा निरोप आला तरी तो पुरेसा माना.

प्रश्न : मुलगा बंगळूरला नोकरीला आहे. मी रोज विचारते, ‘कसा आहेस? जेवलास का?’ उत्तर येतं, ‘हो.’ कधी नुसता अंगठा. मला या अंगठ्याचा मनस्वी राग येतो. मुलगा दुरावला का?
— एक आई, मिरज

उत्तर : दुरावलेला मुलगा अंगठाही पाठवत नाही, हे आधी लक्षात घ्या. तुमचा राग मला समजतो. एवढ्या मायेने विचारावं आणि उत्तराला शब्दही मिळू नये, याने जीव तुटतो. पण ज्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असतं त्याला ‘हो’च येणार.

विचारण्याऐवजी सांगा. आज दारात काय झालं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने दुकान मुलाच्या ताब्यात दिलं, शेवग्याला पहिल्यांदा शेंगा धरल्या, बाबांनी स्वतः पिठलं केलं आणि कसं झालं. चार ओळी, त्यात एखादी गोष्ट त्यालाच ठाऊक असलेली. मग विचारा तर असं विचारा, ज्याला सांगण्यासारखं उत्तर असेल : ‘तुमच्या कॅन्टीनच्या सांबारात गूळ असतो का रे?’ रोज नको. आठवड्यातून दोनदा लिहा आणि लगेच उत्तराची वाट पाहू नका. दिवसभर स्क्रीनसमोर बसलेला मुलगा रात्री उशिरा किंवा रविवारी सकाळी लिहितो. त्याने तीन ओळी लिहिल्या तर ‘आज बरी आठवण झाली’ असं चुकूनही लिहू नका. त्या तीन ओळींतल्या माणसाबद्दल विचारा.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेच्या नमुन्यात ‘श्री. अमुक यांची ज्येष्ठ कन्या’ एवढंच आहे, माझं नाव नाही. शिवणकाम करून मी तिला शिकवलं. मोठे दीर म्हणतात, आपल्याकडे पद्धत नाही. शिवाय खाली ‘आपले नम्र’मध्ये त्यांनी बत्तीस नावं दिली आहेत.
— एक वधूमाय, बार्शी

उत्तर : तुमचं नाव पत्रिकेवर हवंच. यात मी मधला मार्ग सुचवणार नाही. ‘सौ. अमुक व श्री. अमुक यांची ज्येष्ठ कन्या’ असं एका ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत छापा. दिरांना सांगा की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव येतं. सरकारदरबारी आई आली, तर घरच्या पत्रिकेवर तिला अडवायचं कशाला? हे यजमानांनी बोलावं. दिरांना मोठेपणाचा मान द्यायचाच आहे, तर निमंत्रक म्हणून त्यांचं नाव पहिलं घाला.

बत्तीस नावांवरून मात्र भांडू नका. ज्यांची नावं येतात त्यांना त्याचा आनंद असतो आणि गाळलेलं एक नाव पुढे कित्येक वर्षं बोलून दाखवलं जातं. ती मागच्या पानावर बारीक टाइपात घ्या. पुढचं पान मोकळं राहू दे : वधू-वर, आईवडील, वार, तारीख, मुहूर्त, जेवणाची वेळ आणि कार्यालयाचा पत्ता. पत्त्यात तालुका आणि जवळची ओळखीची खूण लिहा. परगावच्या माणसाला कार्यालयाच्या नावावरून काही कळत नाही.

नमुना तपासताना एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने छापील नमुन्यावर बोट ठेवून जावं. एकट्याने तपासलं की डोळे हवं ते वाचतात. नावं त्या त्या माणसाकडूनच लिहून घ्या, विशेषतः सोयऱ्यांची. तारखेचा वार कॅलेंडरवर पाहा. आणि छापायला होकार देण्याआधी पत्रिकेवरचा प्रत्येक फोन नंबर लावून बघा.