थोमा आठ दिवस कुठे होता?

ताई, आपण लिहिले आहे की वडिलांच्या आजारपणात आपण रोज जपमाळ केली, सांकवाळला संत जोझे वाझ यांच्याकडे मेणबत्ती लावून आलात, आणि तरीही वडील गेले. तेव्हापासून म्हापशाला मिस्सेत (चर्चमधील सामूहिक उपासनेत) उभे राहिले की ओठ हलतात, पण आतून काही उमटत नाही. त्यातच एका परिचितांनी ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे ऐकवले. म्हणून चर्चला जाणे काही महिने थांबवावे का, आणि अशा मनःस्थितीत चुलतबहिणीच्या बाळाची धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या विश्वासाची जबाबदारी घेणारी) होणे हे ढोंग ठरेल का, असे आपण विचारता.

सर्वप्रथम त्या परिचितांचे वाक्य मनातून काढून टाका, कारण त्याला शुभवर्तमानात आधार नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?’ असे विचारले तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. गेथशेमाने बागेत ‘हा प्याला माझ्यापासून टळो’ अशी प्रार्थना खुद्द त्यानेच केली आणि तो प्याला टळला नाही; त्याचा विश्वास कमी पडला असे कोणी म्हणेल का? प्रेषित पौलानेही शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि त्याला मिळाली ती कृपा, सुटका नव्हे. दुःखी माणसावर त्याच्या दुःखाचा दोष टाकणे हा क्रूरपणा आहे, आणि तो देवाच्या नावाने केला तर अधिकच.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. चर्चला जाणे थांबवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण मला येशूचा शिष्य थोमा याच्या कथेत दिसते. योहानाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायातली ही कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे, परंतु प्रवचनात बहुधा तिची दोनच टोके सांगितली जातात: क्रूसावर मेलेला येशू पुन्हा जिवंत झाला यावर, त्याच्या जखमांच्या खुणा पाहिल्याशिवाय, विश्वास ठेवणार नाही असे थोमाने म्हटले, आणि पुढे ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ अशी कबुली दिली. मधले आठ दिवस मात्र सुटून जातात. त्या आठ दिवसांत बाकीचे सगळे आनंदात होते, ‘आम्ही प्रभूला पाहिले’ असे सांगत होते, आणि थोमाला त्यातले काहीही खरे वाटत नव्हते. तरीही येशू पुन्हा आला तेव्हा थोमा त्यांच्यातच होता. पटत नसताना तो त्या घरात राहिला, आणि ज्यांना पटले होते त्यांनीही त्याला बाहेर काढले नाही. येशू त्याला एकट्याला कुठेही गाठू शकला असता, पण तो आला त्या बंद दारांच्या आत, सगळे एकत्र असताना. आल्यावर रागावण्याआधी त्याने हात पुढे केला. शिष्य पेत्र पाण्यात बुडू लागला तेव्हाही क्रम हाच होता: आधी हात धरला, ‘अल्पविश्वासी’ हा शब्द नंतर उच्चारला. (हाच थोमा, येशू जिवाचा धोका पत्करून मेलेल्या लाजराकडे निघाला तेव्हा, ‘आपणही याच्याबरोबर मरायला जाऊ’ असे म्हणाला होता, त्याला केवळ संशयी म्हणून लक्षात ठेवणे मला अन्यायाचे वाटते.)

म्हणून आपली शंका देवापासून लपवू नका, ती त्यालाच सांगा. तुरुंगात पडलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला ‘येणारा तो तूच का?’ असा प्रश्न पडला, तेव्हा त्याने तो मनात कुढत ठेवला नाही, शिष्यांकरवी थेट येशूकडे पाठवला. स्तोत्रसंहितेतील तेरावे स्तोत्र ‘कोठवर?’ असा जाब विचारत सुरू होते, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरीही ती प्रार्थना म्हणूनच पवित्र शास्त्रात ठेवली आहे. सध्या आपल्याला स्वतःचे शब्द सुचत नसतील तर ही दोन स्तोत्रे मोठ्याने वाचा, आणि आजारी मुलाच्या बापाचे मार्कमधील वाक्य जवळ ठेवा: ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’

आपल्या गोव्यात तर विचारण्याची परंपरा जुनी आहे. १५७९ साली येथे आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्यात श्रोते प्रश्न विचारतात आणि पाद्री उत्तरे देतात. विचारणाऱ्याला तेथे कोणी गप्प बसवत नाही.

आतून काही उमटत नाही, याचाही अर्थ देव दूर गेला असा लावू नका. मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे २००७ मध्ये प्रकाशित झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण त्यांतून समजले की देवाची जवळीक त्यांना अनेक दशके जाणवत नव्हती. त्या काळातही त्या रोज प्रार्थनेला बसत होत्या आणि रस्त्यावरच्या मरणासन्न माणसांना उचलून आणत होत्या. हे सर्व ठाऊक असतानाच चर्चने २०१६ मध्ये त्यांना संत घोषित केले. भरवसा ही केवळ भावना असती तर हे शक्यच नव्हते.

व्यवहारात काय करावे, तर एकटीने जपमाळ करण्याचा आग्रह काही दिवस सोडा आणि वाड्यावरच्या खुरसाजवळ (क्रूसाजवळ) किंवा शेजारच्या घरी जेथे सामूहिक जपमाळ होते तेथे जाऊन बसा. ‘नमो मारिया’चा पूर्वार्ध एक जण म्हणतो आणि उत्तरार्ध बाकीचे म्हणतात, हे आपण जाणताच. आपला आवाज फुटला नाही तरी शेजारच्या आजीबाई ती ओळ पूर्ण करतात, आणि प्रार्थना थांबत नाही. मुद्दाम जोपासलेली शंका आणि दुःखातून न बोलावता आलेली शंका यांत चर्चची शिकवणही फरक करते; आपली दुसऱ्या प्रकारची आहे, तिच्यासाठी स्वतःला अपराधी मानू नका. पापनिवेदनाच्या रांगेत घाईने न बोलता फादरांकडून वेगळी वेळ मागून घ्या. झोप आणि जेवण सुटले असेल तर डॉक्टरांनाही भेटा. त्यात विश्वासाचा कमीपणा मुळीच नाही.

राहिला बाळाचा प्रश्न. धर्ममाता होण्यास नकार देऊ नका. बाप्तिस्म्याच्या विधीत विश्वासाची कबुली प्रश्नांच्या रूपात विचारली जाते, आणि आईवडील व धर्मपालक मिळून तिची उत्तरे देतात. ती चर्चच्या विश्वासाची कबुली आहे. आपल्या त्या दिवशीच्या मनःस्थितीचा दाखला तेथे कोणी मागत नाही. आपण त्या विश्वासाला पाठ फिरवलेली नाही, त्यासाठी झगडत आहात. तरीही मन खात असेल तर तयारीच्या बैठकीआधी फादरांना आणि बहिणीला ही गोष्ट मोकळेपणाने सांगा, आणि ठरलेल्या दिवशी बाळाच्या शेजारी उभ्या राहा.