टायसन लुईसकडून हरलाच कसा?

प्रश्न: २००२ ची माइक टायसन-लेनॉक्स लुईस बॉक्सिंग फाइट परवा यूट्यूबवर बघितली. ज्याला बघून लोक टरकायचे तो टायसन आठव्या राउंडला आडवा? वय तर दोघांचं सारखंच होतं ना?

उत्तर: वय सारखंच हो, पण टायसनची स्टाइलच अशी की डोकं सतत हलवत, वाकून आत घुसायचं आणि जवळून हाणायचं, त्याला पाय आणि दम लागतो, अन् मेम्फिसमधल्या या फाइटमध्ये पहिला राउंड सोडला तर ते कुठं दिसलंच नाही, डोकं जागच्या जागी, मग काय, लुईसचा डावा जॅब (हात सरळ झटकून मारलेला ठोसा) थेट तोंडावर. त्यात लुईस ६ फूट ५ इंच, हाताची पोच तब्बल १३ इंच जास्त! टायसन जवळ आलाच तर हा मिठी मारून त्याच्यावर रेलायचा, चौथ्या राउंडला ढकलून पाडलं म्हणून रेफरीनं एक पॉइंटही कापला (थोडी चीटिंगच, पण कामाची). आठव्यात लुईसचा उजवा ठोसा बसला आणि टायसन पाठीवर, हात डोळ्यांवर. नंतर इंटरव्ह्यूत त्यानंच लुईसच्या गालावरचं रक्त पुसलं, ते बघितलंत का?