दीड वर्षाच्या कुत्र्याच्या वृषणाच्या रिपोर्टमध्ये ‘एएमएच पॉझिटिव्ह’ आलंय, म्हणजे काय?

सोलापुरात लॅब्राडॉरचं पोटात अडकलेलं वृषण काढून तपासायला दिलं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून सांगतो.

एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) हे वृषणातल्या सर्टोली पेशींचं प्रथिन. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींना याच पेशी सांभाळतात. पिल्लात त्या अपरिपक्व असतात, तेव्हा एएमएच भरपूर. वयात येताना ते घटतं आणि या पेशींच्या केंद्रकात अँड्रोजन रिसेप्टर (नर-हार्मोन पकडणारं प्रथिन) ठळक होतो. एएमएचसाठी रंगवलेल्या काचपट्टीवर फरक डोळ्यांना दिसतो: पिल्लाच्या वृषणातल्या नलिका (जिथे शुक्राणू बनतात) आतून तपकिरी, मोठ्या कुत्र्याच्या जवळपास कोऱ्या. व्हायमेंटिन हे सर्टोली पेशींतलं दुसरं प्रथिन मात्र दोन्हींत असतं, त्यावरून परिपक्वता कळत नाही.

पोटात राहिलेल्या वृषणात ही वाढ उष्णतेने अडते, म्हणून दीड वर्षालाही एएमएच दिसू शकतं. (आपल्या सोलापूरच्या उन्हाला उगाच दोष नको, कुत्र्याच्या पोटात बारा महिने ३८-३९ अंश असतातच!)

एक गोष्ट नक्की विचारा: गाठ दिसली का? सर्टोली पेशींच्या गाठीतही एएमएच येतं आणि अडकलेल्या वृषणात अशा गाठीचा धोका जास्त. नुसत्या ‘पॉझिटिव्ह’वरून कॅन्सर ठरत नाही, पेशींची रचना बघावी लागते. खाली उतरलेलं दुसरं वृषण अजून असेल तर तेही काढून घ्या. वृषण पोटात अडकण्याचा हा दोष आनुवंशिक असतो, पिल्लं काढायच्या भानगडीत पडू नका.