गड्ड्याच्या स्टॉलवर नवा हेडसेट

प्रश्न : आम्ही दरवर्षी गड्ड्यात (संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेत) खेळण्यांचा स्टॉल लावतो. गेल्या जानेवारीत त्याच्या जोडीला मेटा कंपनीचा एक वापरलेला क्वेस्ट २ ठेवला, डोळ्यांवर चढवून आभासी दुनिया बघायचा हेडसेट. पाच मिनिटं रोलर कोस्टर, ५० रुपये. आकाशपाळण्याच्या शेजारी जागा होती, त्यामुळं रांग हटायचं नाव घेईना. यंदा दुसरा घ्यायचाय. पण पुतण्या म्हणतोय, "काका, थांबा. गेमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीचा नवा हेडसेट स्टीम फ्रेम येतोय, मेटाची सुट्टीच करणार तो." मला ही नुसती हवा वाटते. थांबू का घेऊन टाकू?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : मालक, पुतण्याला अक्कल आहे, पण कॅलेंडर बघायचं राहिलं. व्हॉल्व्हनं हेडसेट जाहीर केला १२ नोव्हेंबर २०२५ला. विक्री तेव्हा सांगितली होती २०२६च्या सुरुवातीला. किंमत तेव्हा सांगितलेलीच नव्हती. पहिल्या टप्प्यातल्या देशांत आपलं नाव नव्हतं. यांचा स्टीम डेक हा हातातला कन्सोलसुद्धा कंपनीनं आपल्याकडं थेट विकलेला नाही. संक्रांत मात्र ठरल्या दिवशी येणार. बाजारात तुरी अन् घरात भांडण, अशी तुम्हा काका-पुतण्याची गत.

आता माझंही सांगतो. बातमी आली त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी व्हिडिओ बघत होतो. बायको म्हणाली, माळ्यावरची दोन खोकी आधी खाली काढा, मग नवीन बघा. (त्या खोक्यांत फोन घालून वापरायचे हेडसेट आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही. घेतले आणि दोन वर्षांत त्यांचं ॲप बंद पडलं.) तरी जागलो, कारण यात एक गोष्ट खरोखर डोकेबाज आहे.

हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढीच जागा आपल्याला एका वेळी लख्ख दिसते. बाकीचं सगळं डोळा अंदाजानं भरतो. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी सातही नंदीध्वज उभे राहतात, तेव्हा आपली नजर पहिल्या काठीच्या टोकाला असते. खाली बाराबंदीतली हजारो माणसं म्हणजे नुसता पांढरा पट्टा, तरी काही चुकल्यासारखं वाटत नाही. स्टीम फ्रेम हेच करतो. आतले कॅमेरे नजर कुठं आहे ते बघत राहतात, आणि कॉम्प्युटरकडून बिनवायरीनं येणारं चित्र तेवढ्याच जागी पूर्ण दर्जाचं पाठवलं जातं, बाकी ठिकाणी हलकं. त्यामुळं हवेतून पाठवायचा माल कमी होतो, चित्र अडकत नाही. मान वळवल्यापासून चित्र हलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांच्या वर गेलं की पोटात ढवळायला लागतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. शिवाय वजन ४४० ग्रॅम, आणि बॅटरी डोक्याच्या मागच्या बाजूला. मेटाचा क्वेस्ट ३ आहे ५१५ ग्रॅम, आणि तो भार जवळजवळ सगळा नाकावर. प्रत्येक डोळ्यापुढं २१६० गुणिले २१६० ठिपके, म्हणजे स्पष्टपणात दोघं शेजारी शेजारीच. बाहेरचं मात्र यातून काळं-पांढरं दिसतं, क्वेस्ट ३ मधून रंगीत. इथं पुतण्याची जरा जिरवा.

पण मालक, ज्या करामतीसाठी मी जागलो, तीच तुमच्या स्टॉलला नडायची. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राची साधारणपणे प्रत्येक माणसाशी नव्यानं जुळणी करावी लागते. घरी एकच माणूस वापरतो, एकदा केलं की झालं. तुमच्याकडं दर पाच मिनिटाला डोळे बदलणार. आत्ता आजोबा, मग मोहोळची कॉलेजची पोरं, मग चष्मेवाल्या वहिनी. प्रत्येकाला "ठिपक्याकडं बघा, मान हलवू नका" म्हणत बसलात तर रांग पार्क चौकापर्यंत जाईल. आणि रोलर कोस्टरच्या व्हिडिओला हे काही लागतच नाही.

नुसती हवा आहे का, या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. याच व्हॉल्व्हनं एचटीसीबरोबर मार्च २०१५ मध्ये बार्सिलोनात व्हाईव्ह दाखवला, तेव्हाही लोक हसले होते. एचटीसी ही फोनवाली कंपनी काय हेडसेट करणार, म्हणून. एप्रिल २०१६ मध्ये तो बाजारात आला, ७९९ डॉलरला, आणि खोलीभर फिरून खेळता येणं म्हणजे काय हे लोकांना त्यानंच दाखवलं. पण त्याच २०१५च्या नोव्हेंबरात स्टीम मशीन नावाचे गेम खेळायचे डबेही आले होते, ते दोन-तीन वर्षांत कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत. आता हेडसेटबरोबर त्याच नावाचा नवा डबा पुन्हा जाहीर झालाय. म्हणजे ही मंडळी थापा मारत नाहीत, पण नाद सुटला की वस्तू वाऱ्यावर सोडतात. ॲपलचा व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरला आला, सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर १,७९९ ला. दोन्ही गड्ड्याच्या धुळीत न्यायच्या वस्तू नव्हेत. त्यामुळं तुमच्या दरात मेटाला टक्कर देणारा कुणी आला तर मला हवाच आहे. मी बघणार. तुम्ही मात्र थांबू नका.

क्वेस्ट ३ घ्या. तिकडचा भाव २०२५ अखेर ४९९ डॉलर होता, म्हणजे तेव्हाच्या नुसत्या विनिमय दरानं ४४ हजारांच्या आसपास. आणणारा वर काय लावेल ते वेगळं. क्वेस्ट ३एस स्वस्त आहे, २०२५ अखेर २९९ डॉलर होता, पण त्यात तुमच्या क्वेस्ट २ सारखीच वलयांची भिंगं आहेत. हेडसेट डोळ्यांसमोर नेमका बसला नाही तर चित्र पुसट दिसतं, आणि घाईत डोक्यावर चढवलेला हेडसेट कधीच नेमका बसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "काय ओ, धुरकट दिसतंय," आणि पैसे परत मागतं. क्वेस्ट ३ ची चपटी भिंगं जरा वाकडं बसलेलंही सांभाळून घेतात.

बॅटरी दोन तासांच्या वर फारशी टिकत नाही, तेव्हा दोन्ही हेडसेट आलटून पालटून चार्जला लावा. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवा, उभं करू नका; डोळा म्हणतो पडतोय आणि तोल सांभाळणारा कान म्हणतो बसलोय, या भांडणात माणूस शेजारच्याच्या अंगावर जातो. भजी खाऊन आलेल्याला पाच मिनिटं थांबवा. तोंडाला लागणाऱ्या भागाला रबरी कव्हर घाला आणि ते दर गिऱ्हाइकामागं पुसा. भिंगाला मात्र चष्म्याचं कापडच. आपला सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी तिथं नको. दहा वर्षांखालच्या पोराला मेटाच परवानगी देत नाही, तेव्हा आई कितीही भांडली तरी नाही म्हणा. आणि घरगुती वापरासाठी घेतलेला गेम तिकीट लावून दाखवता येत नाही. बनवणाऱ्याचा व्यावसायिक परवाना आहे का, ते आधी बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, ऊन. भिंगावर ऊन पडलं की ते आतल्या पडद्यावर गोळा होतं, लहानपणी आपण भिंगानं कागद जाळायचो तसं. मी एकदा नव्या पेठेतल्या दुकानात पश्चिमेच्या खिडकीपाशी हेडसेट उताणा ठेवून चहाला गेलो. पाच मिनिटांत परत आलो तर पडद्यावर मुगाच्या दाण्याएवढा पिवळा डाग. तो डाग पुढं दोन वर्षं प्रत्येक गेममध्ये चंद्रासारखा दिसत राहिला.

प्रश्न : मुलीला मायनस चारचा चष्मा आहे. हेडसेट चष्म्यावरून घालता येतो का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : बहुतेकांत येतो, जागा असते. चष्म्याची फ्रेम रुंद असेल तर काच भिंगाला घासते आणि दोन्हीवर ओरखडे पडतात. नंबरची वेगळी भिंगं आत बसवून मिळतात, ती बरी. हेडसेटनं नंबर उतरेल या आशेनं तो घेऊ नका. वीस मिनिटांनी काढायला लावा.

प्रश्न : लहानपणी गड्ड्यात डब्याला डोळा लावून चित्रं बघितली होती. हे तेच ना, महागातलं?
– एक निवृत्त शिक्षक, बाळे

उत्तर : गुरुजी, अर्धं तेच. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की खोली भासते, हे चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये मांडून ठेवलंय. फरक एवढाच, की तुमच्या डब्यात मान वळवली तर डबा सुटायचा. यात मान वळवली की मागचा माणूस दिसतो. पुतण्यासोबत वरच्या प्रश्नातले काका तिथं असतील, आकाशपाळण्यापाशी. जाऊन बघा, तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असं मी त्यांना सांगतो.