एक सबयुनिट म्युटंट असलं तर मेंब्रेन प्रोटीन जुळतं का?

तुम्ही विचारलंय की जिवाणूच्या मेंब्रेन प्रोटीनमधलं (पेशीच्या पटलात बसणाऱ्या प्रोटीनमधलं) एखादं सबयुनिट, म्हणजे त्याचा एक सुटा घटक, म्युटंट (जीनमधल्या बदलामुळे बदललेलं) निघालं तर अख्खं कॉम्प्लेक्स, म्हणजे सगळे घटक मिळून होणारा संच, जुळायचंच थांबतं का. थांबतंच असं नाही. आणि 'ॲक्टिव्हिटी नाही म्हणजे जुळलं नाही' असं सांगणारा माणूस कितीही मोठा असो, त्याचं ऐकू नका.

इतक्या तिडकीनं लिहितोय, कारण बडोद्यात पीएचडी करताना नेमक्या याच वाक्यावरून एका ज्येष्ठ प्राध्यापकांशी माझं वाजलं होतं. माझं काम केसीएसएवर. स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडन्समधला पोटॅशियम चॅनेल (पोटॅशियमला पटलातून जाऊ देणारी वाट), चार सारखी सबयुनिट्स; ती जुळली की होतो टेट्रामर. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये त्याची रचना काढली, २००३ चं नोबेल त्याच कामाला. माझ्या म्युटंटमधून पोटॅशियम जातच नव्हतं. सेमिनारमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, टेट्रामर होतच नाहीये, तसं लिही आणि मोकळा हो." दांडिया बाजारातल्या घरी परतलो तरी डोकं तापलेलंच होतं.

मी सॅम्पल न उकळता जेलवर (प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) घातलं. केसीएसएचा टेट्रामर एसडीएस या डिटर्जंटमध्येही टिकतो; उकळलं तरच सुटतो आणि मोनोमरचा (सुट्या सबयुनिटचा) बँड खाली दिसतो. म्युटंटचा टेट्रामर वर स्वच्छ उभा होता! मग तापमान चढवत नेलं, तर वाइल्ड टाइप (मूळ, न बदललेला) जिथे टिकून होता तिथे माझा सुटायला लागला. म्हणजे जुळत होता, पण जुळणी सैल होती. सरांनी जेल पाहिला आणि म्हणाले, "एवढ्यानं काय फरक पडतो?"

पडतो, सर. मेंब्रेनमध्ये शिरणं, घडी बसणं, जुळणं, टिकणं आणि काम करणं, यातलं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय थिसिसमध्ये लिहायचं काय? ई. कोलाय या जिवाणूचं एटीपी सिंथेज (प्रोटॉनच्या प्रवाहावर एटीपी बनवणारं एन्झाइम) घ्या. त्याच्या सी सबयुनिटमधल्या ६१व्या ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाच्या जागी ॲस्पॅराजिन टाकलं तरी कॉम्प्लेक्स जुळतं. प्रोटॉन मात्र वाहत नाहीत. उलट सेकवाय या मेंब्रेन प्रोटीनला सेकई या जोडीदाराची जोड मिळाली नाही तर एफटीएसएच प्रोटीएज (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) त्याला तोडून टाकतो. तिथे 'जुळलं नाही' म्हणा, माझी हरकत नाही.

प्लाझ्मिडवर (बाहेरून घातलेल्या डीएनएच्या कड्यावर) म्युटंट आणि क्रोमोसोमवर मूळ जीन, असा प्रकार असेल तर सरमिसळ होते. दोन्ही सबयुनिट्स सारख्या प्रमाणात आणि कशीही मिसळली, तर पूर्ण वाइल्ड टाइप टेट्रामर १६ त एकच निघेल. एटीपी सिंथेजमधल्या, दहा सी सबयुनिट्सच्या सी रिंगमध्ये १०२४ त एक. म्हणून एकच म्युटंट सबयुनिट काम बिघडवायला पुरत असेल तर मूळ जीन असूनही बहुतेक काम बंद पडू शकतं, जुळणी उत्तम असूनही. केसीएसए मी ई. कोलायमध्ये बनवत होतो आणि त्यात तो मुळात नसतो, त्यामुळे माझी ही कटकट वाचली. तुमचं प्रोटीन ई. कोलायचं स्वतःचं असेल तर आधी मूळ जीन काढलेला स्ट्रेन (जिवाणूचा वाण) घ्या.

हेही सांगायला हवं की न उकळण्याची युक्ती सगळीकडे चालत नाही. ओएमपीएफ या ई. कोलायच्या मेंब्रेन प्रोटीनच्या ट्रायमरला (तीन सबयुनिट्सच्या जोडणीला) चालते, ई. कोलायची सी रिंग एसडीएसमध्ये सुटते. तिथे ब्लू नेटिव्ह जेल (जोडणी न सोडवणारा जेल) किंवा क्रॉसलिंकिंग (शेजारची सबयुनिट्स रसायनानं एकमेकांना बांधणं) करा. तुमच्या गाईडनी 'असेंब्ली डिफेक्टिव्ह' लिहायला सांगितलं तर त्यांच्याकडे आधी तो जेल मागा, आणि वाइल्ड टाइप शेजारच्याच लेनमध्ये हवा.